विशारद झालात, आता वर्गात या

"तू मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव." शाळेच्या समूहगीताच्या तालमीत हे ऐकलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत सापडतील. आज ती चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि न्हाणीघरातही गुणगुणत नाहीत. "आमच्या गळ्यात सूर नाही," असे आपणच सांगून मोकळी होतात. नवव्या-दहाव्या वर्षी त्यांच्याविरुद्ध निकाल लागला आणि त्यावर पुढे कधी अपील झाले नाही.

हा निकाल देणारे गुरुजी किंवा बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना गाता येत होते, पेटीवर बोटे फिरत होती. पण मुलांना गाते कसे करायचे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आज त्या जागी येणाऱ्या शिक्षकांनाही ते कोणी शिकवत नाही. या आठवड्याचा माझा राग त्यावर आहे.

महाराष्ट्रात संगीत शिक्षक घडतो कसा? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद आणि हिंमत असेल तर अलंकार. किंवा विद्यापीठाची संगीतातली पदवी घेऊन. हा रस्ता कष्टाचा आहे, वर्षानुवर्षांच्या रियाजाचा आहे आणि तो चालून आलेल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण विशारद झालेल्या मुलीने काय सिद्ध केले? तिला राग मांडता येतो, तिहाई घेऊन समेवर येता येते, वादी-संवादी सांगता येतात, बंदिशीची स्वरलिपी लिहिता येते. परीक्षकापुढे ती एकटी बसली होती. शाळेत तिच्यापुढे पन्नास मुले बसतात. त्यांतली काही घरी वेगळीच भाषा बोलतात, एकाला ऐकू कमी येते, एकाला गोंगाट सहन होत नाही, दोघांचा आवाज फुटतो आहे. विशारद हे गायकाचे प्रमाणपत्र आहे. शाळा ते शिक्षकाचे प्रमाणपत्र समजून नेमणूक करते, आणि घोटाळा तिथे सुरू होतो.

दुसरीकडे डी.एल.एड. आणि बी.एड. झालेले शिक्षक. त्यांना बालमानसशास्त्र ठाऊक असते, पाठाचे टाचण काढता येते, टीईटीचा उंबरठा त्यांनी ओलांडलेला असतो. संगीताच्या नावाने त्यांच्या पदरात परिपाठाची गाणी आणि चार कृतियुक्त गीते. म्हणजे एकाला सूर कळतो पण मूल कळत नाही, दुसऱ्याला मूल कळते पण सूर कळत नाही. आपण या दोघांना कधी एका खोलीत बसवलेले नाही.

चित्रकलेचे पाहा. शाळेत चित्रकला शिकवायची तर आर्ट टीचर डिप्लोमा नावाचा सरळ रस्ता या राज्यात कित्येक वर्षे आहे. उत्तम चित्र काढणे वेगळे आणि मुलांना चित्र काढायला शिकवणे वेगळे, हे चित्रकलेच्या बाबतीत आपण मान्य केले. संगीताच्या बाबतीत मात्र "गाता येतं ना? मग शिकवा!" एवढ्यावर भागवले.

आता गळ्याचे बघू. बहुतेक पुरुष शिक्षक काळी एक किंवा काळी दोन या पट्टीत गातात. ती त्यांच्या गळ्याची पट्टी. त्याच पट्टीत ते मुलांना गाणे सांगतात. मूल शिक्षकांच्याच उंचीवर गायला गेले तर घशातून नुसती घरघर निघते. एक सप्तक वर गेले तर अस्ताई निभते, पण अंतरा तारसप्तकात चढला की किंकाळी बाहेर पडते. मग गुरुजी कपाळाला हात लावतात आणि "नुसते ओठ हलव" म्हणतात. सा काळी चारवर आणला असता तर तेच मूल तोच अंतरा हसत म्हणाले असते. दोष पट्टीचा, शिक्षा मुलाला.

सातवी ते नववीतल्या मुलग्यांची तर आपण दैनाच करून ठेवली आहे. बारा ते चौदा या वयात स्वरयंत्र वाढते, आवाज सुमारे सप्तकभर खाली उतरतो आणि उतरताना वाटेत फाटतो. वर्ग हसतो. मुलगा गप्प होतो, आणि पुष्कळदा कायमचा. त्या महिन्यांत त्याला चार-पाच स्वरांच्या आवाक्यातले, खालच्या पट्टीतले काही गायला द्यावे, तालवाद्यावर बसवावे आणि हा आवाज जाणार नाही, बदलणार आहे, हे चारचौघांत नीट सांगावे. मुलींचाही आवाज या वयात बदलतो; बदल कमी असतो, पण आवाजात हवा मिसळते, वरचे स्वर थरथरतात. त्यांना आपण "रियाज कमी पडतोय" म्हणून दटावतो. हे सगळे शरीरशास्त्र एका आठवड्यात शिकवून होते. दीपचंदी आणि झुमरा यांतला फरक सांगू शकणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक नसावे?

अवघड गोष्ट पुढे आहे. हलगी.

लोकसंगीताचा तास आहे. शिक्षक उत्साहात विचारतात, "हलगी कोणाकडे आहे रे? तू ये, तुझ्या घरात वाजवतात ना?" आणि आडनावावरून हेरलेल्या मुलाला उभे करतात. त्या मुलाला हलगी आवडतही असेल, तो सुंदर वाजवतही असेल. पण त्या क्षणी सगळ्या वर्गापुढे त्याची जात पुकारली गेली. हलगी हे गावकीने विशिष्ट जातींवर लादलेले काम होते. मिरवणुकीपुढे वाजवायची, मर्तिकापुढे वाजवायची, आणि मोबदला वाजवणाऱ्याने मागायचा नाही, गावाने ठरवायचा. १९५६च्या धर्मांतरानंतर महार समाजातल्या अनेकांनी ही गावकीची वाद्ये जाणीवपूर्वक खाली ठेवली. ते संगीताकडे पाठ फिरवणे नव्हते. त्याच वस्त्यांतून गायनपार्ट्या उभ्या राहिल्या, भीमगीते जन्मली, वामनदादा कर्डकांसारखा कवी-गायक गावोगाव फिरला. मातंग समाजातून अण्णा भाऊ साठे शाहीर म्हणून उभे राहिले. म्हणजे एकाच वाद्याचा एका मुलाला अभिमान वाटतो आणि शेजारच्या मुलाला त्यातून आजोबांनी सोसलेला अपमान ऐकू येतो. हे न कळणारा शिक्षक 'लोककलेला प्रोत्साहन' देताना पोराला भर वर्गात ओरबाडतो.

म्हणून हलगी वर्गात आणायची नाही का? जरूर आणा! आणि सगळ्यांच्या हातात द्या. पाटलांच्या मुलाने ती शेकून चामडे ताणून घ्यायला शिकावे, देशपांड्यांच्या मुलीने दोन काठ्यांचा तोल शिकावा. वाजवणारा कलावंत वर्गात येईल तेव्हा तो खुर्चीवर बसेल, मुले त्याला गुरुजी म्हणतील आणि जाताना त्याचे मानधन पाकिटातून हातात पडेल. मग इतिहासही सांगा, सरळ शब्दांत. सहावीतल्या मुलांना तो कळतो. मोठ्यांनाच तो सांगताना घाम फुटतो.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरे आहेत, जत-अक्कलकोटकडे कन्नड शाळा आहेत, भिवंडी-मालेगावात उर्दू शाळा. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या कुटुंबांची मुले मराठी शाळेत बसतात. आपले संगीत विशारद मैफलीत कजरी आणि चैती डोळे मिटून ऐकतात, उपशास्त्रीय म्हणून शिकतातही. आणि वर्गात बलियाहून आलेला मुलगा समोर बसलेला असतो, ज्याची आजी श्रावणात तीच कजरी गाते, त्याला मात्र कोणी विचारत नाही. त्याच्याकडून एक स्वागतगीत घोकून घेतात आणि त्याचे मराठी उच्चार चुकतात म्हणून त्याला मागे सरकवतात. वर्गातल्या सगळ्यात मोठ्या ठेव्यावर शिक्षक असे रोज पाय देऊन जातात.

मिरजेत तर हे आणखी टोचते. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंतुवाद्ये घडतात. घडवणारी बरीचशी घराणी शिकलगारांची, म्हणजे पूर्वी तलवारींना धार लावणाऱ्यांची. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, इथल्या दर्ग्यात गायले. देशभरच्या गवयांमागे वाजणारा तानपुरा ज्या हातांनी घडतो, त्यांच्या मुलांच्या शाळेत तो कधी जुळवून दाखवला जातो का? जवारीचा धागा सरकवल्यावर आवाज कसा उघडतो, हे कारागिराने दाखवले तर विज्ञानाचा आणि संगीताचा तास एकदमच होऊन जाईल. आणि मुसलमान घर म्हटले की एकतर कव्वाली गाणारच, नाहीतर संगीत वर्ज्य असणारच, असली गृहीतके शिक्षकाने दाराबाहेर ठेवून यावे. काही घरांत वाद्ये चालत नाहीत, काहींत पैगंबरांच्या स्तुतीची नात गायली जाते, काहींत चोवीस तास रेडिओ चालू असतो. पालकांशी बोलले की कळते. परिपाठात रोज एकाच घरची प्रार्थना आणि समोर चार घरची मुले, हेही याच बोलण्यातून सुटेल.

आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल लिहिताना हात आखडता घेणार नाही. 'आदिवासी नृत्य' म्हणून मुलांना भाड्याने आणलेले प्लॅस्टिकच्या पानांचे घागरे घालतात, गालावर पांढरे ठिपके काढतात आणि सिनेमातले 'झिंगालाला' छापाचे गाणे लावतात. मुले आदिवासीच! जव्हार-डहाणूकडे पलीकडच्याच पाड्यावर तारपा वाजवणारा माणूस राहतो. वाळलेला दुध्या, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांतून घडलेले ते वाद्य. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून माणसे तासन्‌तास फिरतात. त्याला शाळेने बोलावलेले नसते. कारण संगीत शिक्षकाला शिकवले आहे की सूर म्हणजे पेटीचा सूर. तारप्याचे स्वर पेटीच्या पट्ट्यांत बसत नाहीत, म्हणून ते बेसूर. खरे तर पेटीच्या ठरीव स्वरांबद्दल आपल्या शास्त्रीय गवयांनीच किती तक्रारी केल्या आहेत! आकाशवाणीवरून पेटी कित्येक वर्षे हद्दपार होती. गवयाच्या श्रुतीसाठी पेटी अपुरी पडते हे ज्यांना पटते, त्यांना वारली वादकाच्या स्वरासाठी ती अपुरी पडते हे पटायला काय हरकत आहे?

मेळघाटातल्या पहिलीच्या मुलाला मराठी समजत नाही. त्याची कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे. गडचिरोलीतल्या मुलाची गोंडी द्रविड कुळातली. पाटीवरची अक्षरे त्याला परकी असतात, बाईंचे बोलणे परके असते. ताल मात्र पहिल्याच दिवशी कळतो. भाषेच्या तासाला जो शेवटचा असतो, तो संगीताच्या तासाला पहिला येऊ शकतो. अट एकच: शिक्षकाने आधी त्याच्याकडून एक गाणे शिकले पाहिजे, चुकत चुकत, वर्गासमोर. शिक्षक चुकतो हे पाहिलेल्या मुलाला मराठी वाक्य चुकण्याची भीती उरत नाही. भाषाशिक्षणाच्या कार्यशाळांवर आपण एवढा खर्च करतो, त्यात संगीत शिक्षकाला कधी बोलावतो का?

"मग शास्त्रीय संगीत सोडायचं काय?" हा प्रश्न येणार, आणि रागाने येणार. अजिबात सोडायचे नाही. वारली मुलाला फक्त तारपा आणि सदाशिव पेठेतल्या मुलाला फक्त यमन, अशी वाटणी केली तर तो नवा जातिभेद होईल. तारपा ऐकत वाढलेल्या मुलाचा यमनवर तेवढाच हक्क आहे. प्रश्न कुठून निघून कुठे जायचे याचा आहे. घरच्या पाच स्वरांच्या गाण्यावरून भूपापर्यंत चालत जाता येते. कुमार गंधर्व देवासला राहून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले आणि त्यांतून त्यांनी धुनउगम राग उभे केले. अशोक रानड्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जनप्रिय अशा संगीताच्या कोटी मांडल्या आणि प्रत्येकीला तिचे स्वतःचे शास्त्र आहे असे बजावले. ही माणसे परकी नाहीत, आपलीच आहेत. त्यांचे विचार मैफलीच्या मध्यंतरात चर्चेला येतात; अध्यापक विद्यालयाच्या वर्गात पोहोचले पाहिजेत.

कागदावर पाहिले तर सरकार उदार आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असे लिहिले आहे. पण 'कला' या एका शब्दात चित्र, गाणे, नाच, नाटक सगळे कोंबले आहे आणि माणूस मात्र एक, तोही अंशकालीन. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीत प्रयोगकलांच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र पदविकेचा आराखडा आहे. ती पदविका घेऊन आलेला शिक्षक तुमच्या गावच्या शाळेत दिसला आहे का? २०२०चे शैक्षणिक धोरण कलेला अभ्यासाच्या बरोबरीने बसवते. एनसीईआरटीने तिसरीसाठी 'बांसुरी' आणि सहावीसाठी 'कृति' ही कलेची पाठ्यपुस्तके काढली. पुस्तक आले, ते उघडून शिकवणारा कुठे आहे? आणि २०२३मध्ये राज्यगीत ठरले तेव्हा शाळांत ते वाजवा किंवा गा, असा आदेश निघाला. मोबाइल माइकला लावला की आदेश पाळला गेला. मुलांनी ते कोणत्या पट्टीत गायचे, हे त्यांना कोण सांगणार?

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गवई घडवण्याबरोबरच शिक्षक घडवण्याचाही त्यांनी विचार केला होता. त्यासाठी त्यांचा उपदेशक वर्ग होता. शिकून निघालेल्यांनी गावोगाव जाऊन विद्यालये काढावीत हा त्यांचा हट्ट, आणि शिष्यांनी तो पुराही केला. भातखंडे उस्तादांच्या दारी जाऊन चिजा गोळा करत राहिले, तेव्हा कुठे क्रमिक पुस्तकमालिका झाली. त्यांच्या शाळांत कोणाचे संगीत आत आले आणि उस्ताद-बाईजींपासून तमाशाच्या फडापर्यंत कोणाचे बाहेर राहिले, हा हिशेब आपण मागितलाच पाहिजे. पण शिक्षक घडवावा लागतो आणि शिकवायचे ते आधी गोळा करावे लागते, या दोन गोष्टी त्यांना कळल्या होत्या. आपण परीक्षा वाढवल्या आणि या दोन्ही गोष्टी विसरलो.

गोळा करायलाही आता पायपीट नको. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड उभे केले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. त्यांतल्या कित्येकींचा आवाजही ध्वनिमुद्रित आहे. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे, शिक्षणशास्त्र विभाग आहे आणि लोककला अकादमीही आहे. तिन्ही विभागांनी एका टेबलाशी बसून वर्षभराचा अभ्यासक्रम बांधायचा ठरवला तर कोणाची परवानगी अडणार आहे?

तो कसा असावा? विशारद किंवा पदवीनंतर एक वर्ष. त्यातले निम्मे दिवस शाळांत, आणि एकाच सोयीच्या शाळेत नव्हे. काही आठवडे महापालिकेच्या शाळेत, काही आश्रमशाळेत, काही उर्दू किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेत, काही विशेष मुलांबरोबर. कर्णबधिर मुलाचा तळहात ढोलाच्या पानावर ठेवला की त्याला लय कळते, हे पुस्तकातून उमगत नाही. स्वमग्न मुलाला ध्वनिक्षेपकाचा कर्कश आवाज मारासारखा लागतो, हेही तिथेच कळते. दृष्टिहीन मूल फळ्यावरची स्वरलिपी वाचू शकत नाही, पण कानाने सगळ्यांच्या पुढे असू शकते, म्हणजे पाठ फळ्याभोवती बांधायचाच नाही. शेवटची परीक्षा अनोळखी शाळेत घ्या. उमेदवाराने आठ दिवसांत त्या वर्गातल्या घरांतली गाणी गोळा करावीत, त्यांतले एक मुलांकडूनच शिकावे आणि बाकीच्या वर्गाला शिकवावे. परीक्षकाने उमेदवाराचा गळा ऐकूच नये. आठ दिवसांपूर्वी न गाणारी किती मुले आज गात आहेत, एवढे पाहावे.

"पैसे कुठून आणायचे?" असे मुख्याध्यापक विचारतील. त्यांची अडचण खरी आहे, पदे मंजूर करणे त्यांच्या हातात नाही, त्यासाठी शिक्षण खात्यालाच धरले पाहिजे. पण शाळेच्या हातात आहे तेवढे तरी या डिसेंबरात करता येईल. स्नेहसंमेलनाच्या डीजेचा, रोषणाईचा आणि भाड्याच्या पोशाखांचा खर्च पालकसभेत वाचून दाखवावा. त्याच सभेत, त्याच कागदावर, संगीत शिक्षकाचे आणि पाड्यावरच्या किंवा गल्लीतल्या एका कलावंताचे वर्षाचे मानधन मांडावे. मग हात वर करायला सांगावे.